मगर, मासेमार आणि एकच डोह

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागले की वडकबाळला सीना ओलांडावी लागते, मग मंद्रूप येते आणि पुढे टाकळीपाशी भीमा आडवी येते. दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. थोडे पूर्वेला हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख ज्या संगमेश्वर मंदिरात सापडला, ते हेच ठिकाण. हजार वर्षांपूर्वीही इथली माणसे नदीच्या आधाराने राहत होती आणि आजही राहतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला, वडकबाळचा रस्ता बंद पडला आणि काठची शेते पाण्याखाली गेली.

पूर ओसरला की गाळ काढणे, पंचनामे, जनावरांची विल्हेवाट ही कामे सुरू होतात. त्यासोबत नदीकाठच्या गावांत आणखी एक चर्चा सुरू होते, ती म्हणजे सुसर दिसल्याची. गावाकडे मगरीला सुसरच म्हणतात. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सुसर वेगळी, लांब निमुळत्या तोंडाची आणि उत्तरेकडच्या नद्यांतली. आपल्याकडे असते ती गोड्या पाण्यातली मगर, रुंद तोंडाची. कुणी लाकडाचा ओंडका बघून येतो, कुणी खरोखर मगर बघून येतो. दोन दिवसांत मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागते आणि ती कुठली, कधीची, हे कुणी विचारत नाही. काही जण नदीकडे जाणेच सोडतात, काही जण मुद्दाम बघायला जातात. ज्याचे पोट नदीवर आहे तो मासेमार मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे जाळे घेऊन पाण्यात उतरतो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे मराठीत म्हणतात. हिंदीत याच म्हणीत माशाच्या जागी मगर आहे. भीमा-सीनेच्या काठच्या माणसाने आता दोन्ही म्हणी लक्षात ठेवाव्यात, असे दिवस आहेत. मात्र घाबरून न जाता धोका नेमका किती, तो कोणाला आणि तो कमी कसा करायचा, हे समजून घेतले पाहिजे.

कृष्णाकाठचा अनुभव

या प्रश्नाचा खरा धडा सांगली जिल्ह्यात मिळतो. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, डिग्रज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात मगरी अनेक वर्षांपासून आहेत. तिथे माणसांवर हल्ले झाले आहेत आणि मृत्यूही झाले आहेत. पोहायला उतरलेली मुले, धुणे धुणाऱ्या बाया, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात उतरलेला शेतकरी आणि मासे धरणारा माणूस, बळी पडलेल्यांत बहुतेक असेच लोक असतात. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यात, पाण्यात बुडालेल्या घराच्या छतावर मगर येऊन बसल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. कोकणात चिपळूणला वाशिष्ठीच्या मगरी आहेत. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिथे रस्त्यावरून निवांत चालणारी मगर वाहनचालकांनी चित्रित केली.

भीमा हीदेखील कृष्णेचीच उपनदी. कर्नाटकात रायचूर परिसरात ती कृष्णेला मिळते. नदी जोडलेली असेल तर तिच्यातला प्राणीही जोडलेला असतो. पुरात मगर वाहत जाते, काठाला लागते, एखाद्या ओढ्यात किंवा तलावात शिरते आणि पाणी ओसरल्यावर तिथेच अडकते. त्यामुळे पुरानंतर नव्या ठिकाणी मगर दिसणे यात चमत्कार काही नाही. सोलापूर जिल्ह्यात कृष्णाकाठासारखी परिस्थिती आज नाही. पण ती येण्याची वाट पाहून मग शिकायचे, की आधीच शिकून ठेवायचे, हे आपल्या हातात आहे.

नदी बदलली, तसा प्राणीही स्थिरावला

पूर्वी उन्हाळ्यात भीमा आणि सीना ठिकठिकाणी कोरड्या पडत. डोह तेवढे उरत. आता उजनीतून आवर्तने सुटतात आणि जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताना बरगे टाकले की मागे लांबवर फुगवटा तयार होतो. सोलापूर शहराला टाकळीहून पाणी जाते, त्यासाठी औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत पाणी साठवले जाते. या साठ्यांवर ऊस उभा आहे, मोटारी चालतात आणि मासेही वाढतात. चिलापी, रोहू, कटला, मरळ असे मासे बारमाही मिळू लागले, तसा मासेमारीचा धंदाही बारमाही झाला.

ज्या पाण्यात मासा बारमाही आहे, त्यात मगरही बारमाही राहू शकते. मासा हा तिच्या आहारातला मोठा भाग. शिवाय बेडूक, खेकडे, पक्षी, कुत्री, शेळ्या, मेलेली जनावरे असे जे मिळेल ते ती खाते. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला मासा अडतो, म्हणून मासेमार तिथे जाळे टाकतो. मगरही नेमकी त्याच कारणाने तिथे येते. उन्हाळ्यात आवर्तन लांबले की फुगवटा आटतो आणि माणूस, गुरे, मासे आणि मगर एकाच डोहात गोळा होतात.

त्याच दिवसांत मगरीच्या अंगात वेगळी तापटपणाची भर पडते. गोड्या पाण्यातल्या मगरीचे मीलन हिवाळ्यात होते, त्या काळात नर आपल्या हद्दीसाठी भांडतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठच्या वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते. एका घरट्यात पंचवीस-तीस अंडी असू शकतात. साधारण दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिल्ले बाहेर येतात. तोवर मादी आसपासच राहते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. वाळू उपशाने काठ ओरबाडले गेले की अंडी घालायला जागा उरत नाही आणि मग ती शेताच्या बांधापर्यंत, पायवाटेपर्यंत येते. म्हणजे मार्च ते जून हा काळ सर्वांत जपण्याचा. नेमका हाच काळ मुलांच्या सुट्टीचा, पोहण्याचा आणि पाणी कमी असल्याने हाताने मासे धरण्याचा.

अस्वलांच्या नदीवरचा नियम

जंगली श्वापदाच्या शेजारी उभे राहून मासे धरण्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण अमेरिकेतल्या अलास्का राज्यात आहे. कटमाई राष्ट्रीय उद्यानातील ब्रूक्स नदीत सामन माशांचे थवे वर चढतात आणि तपकिरी अस्वले ते खायला येतात. त्याच नदीत माणसेही गळ टाकतात. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला आधी अस्वलांबाबत माहिती दिली जाते, मगच आत सोडतात. अस्वल जवळ आले की मासेमारी थांबवून बाजूला व्हायचे. गळाला मासा लागलेला असेल तर दोरी तोडून मासा सोडून द्यायचा. कारण माणसाच्या गळाला लागलेला मासा एकदा अस्वलाला मिळाला की ते तसाच दुसरा शोधायला माणसाकडे येते. अन्न उघड्यावर ठेवायचे नाही आणि काठावर काही टाकायचे नाही.

यात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट एवढीच आहे की माणूस म्हणजे अन्न, ही जोड प्राण्याच्या डोक्यात पडू द्यायची नाही. आपल्या नद्यांवर ती जोड आपणच रोज पाडतो. मासे काठावरच साफ होतात, खवले आणि आतडी पाण्यात जातात. कोंबडीच्या दुकानांचा कचरा पुलावरून खाली टाकला जातो. मेलेले जनावर ओढून नदीत ढकलले जाते. मगरीला घाट हे खाण्याचे ठिकाण आहे हे कळायला फार दिवस लागत नाहीत. एकदा ते कळले की पुढच्या वेळी घाटावर वाकून बसलेले माणूस तिला पाण्यातून कसे दिसत असेल, याचा विचार करावा.

महाराष्ट्रातही अस्वले आहेत, पण ती वेगळी. मेळघाट, बुलढाणा, ताडोबा, गोंदिया या भागांतले आपले अस्वल मासे खात नाही. वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले, तेंदूची आणि जांभळाची फळे हे त्याचे खाणे. उन्हाळ्यात ते ओढ्यावर पाण्यासाठी येते आणि मोह वेचायला गेलेल्या माणसाची व त्याची गाठ पडते. सोलापूरच्या माळरानावर लांडगे आहेत, नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे, पण अस्वल नाही. तरीही हा फरक सांगायचे कारण असे की दोन प्राण्यांसाठीचे सल्ले उलट आहेत. अस्वलाच्या जंगलात बोलत, आवाज करत जावे, म्हणजे ते दचकत नाही आणि वाटेतून बाजूला होते. मगरीपुढे आवाजाचा उपयोग नाही. पाण्यात पाय आपटणे, डबा बुडवणे, धुणे आपटणे हे आवाज तिला पळवत नाहीत, उलट इकडे काहीतरी आहे हे सांगतात. अस्वलाचा हल्ला बहुतेक वेळा घाबरून झालेला असतो. मगर मात्र भक्ष्य समजून दबा धरते.

२०२५ मध्ये जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसे मेली. ओस पडत चाललेली खेडी आणि जंगलात फळांचा तुटवडा, ही कारणे तिथे पुढे आली. श्रीमंत, शिस्तीच्या देशातही हा प्रश्न उभा राहतो, कारण माणूस आणि प्राणी यांच्यामधली रेषा हलली की दोघेही गोंधळतात. आपल्याकडे ती रेषा बंधाऱ्यांनी, वाळू उपशाने आणि कचऱ्याने हलवली आहे.

धोका कोणाला?

आकड्यांत पाहिले तर मगर हा नदीचा सर्वांत मोठा धोका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. सर्पदंशाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मगरीच्या हल्ल्यातले मृत्यू या तुलनेत अगदी थोडे. नदीकाठच्या माणसाला मगरीपेक्षा खोल डोह, घोणस आणि मोटारीची उघडी वायर यांनी जास्त मारले आहे. ही तुलना भीती घालवण्यासाठी आहे, बेफिकिरीसाठी नाही. कारण मगरीचा धोका सगळ्यांवर सारखा वाटलेला नाही.

ज्याच्या घरात नळ आहे, न्हाणीघर आहे, शौचालय आहे, त्याला नदीत उतरावे लागत नाही. नदीत उतरतो तो ऊसतोडीला आलेला, वीटभट्टीवर आलेला, काठावर पाल ठोकून राहणारा. त्याची बायको तिथेच धुणे धुते, पोरे तिथेच अंघोळ करतात. गावच्या माणसाला कुठल्या डोहात काय आहे हे ठाऊक असते. या पाहुण्याला ते कुणी सांगितलेले नसते. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीजवळ मगरीने ओढून नेलेला मुलगा असाच परगावाहून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातला होता.

दुसरा मासेमार. ज्याच्याकडे होडी आहे तो तुलनेने सुरक्षित. ज्याच्याकडे ती नाही तो फुगवलेल्या ट्यूबवर, थर्माकोलच्या तुकड्यावर, नाहीतर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळे लावतो. पाय पाण्यात लोंबकळत असतात आणि कमरेला माशांची पिशवी बांधलेली असते. पहाटेचा अंधार किंवा रात्रीची वेळ असते. मगरीच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचे दृश्य नाही. तिसरा शेतकरी. विजेची पाळी रात्रीची असली की मोटार बघायला त्याला रात्रीच नदीवर जावे लागते.

म्हणून मगरीचा प्रश्न हा वनखात्याचा आहेच, पण तो तितकाच नळाचा, शौचालयाचा, होडीचा आणि दिवसाच्या विजेचा प्रश्न आहे. सार्वजनिक आरोग्यात नेहमी दिसणारी गोष्ट इथेही दिसते. रोग असो वा श्वापद, ते आधी गरिबाच्या दारात येते.

मगर पकडून न्या, ही मागणी

मगर दिसली की पहिली मागणी तिला पकडून दूर सोडण्याची होते. ती स्वाभाविक आहे. वस्तीत, विहिरीत किंवा छोट्या तळ्यात अडकलेली मगर हलवावीच लागते. पण नदीतली मगर उचलून दुसरीकडे नेल्याने प्रश्न सुटेल असे नाही. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरींना यंत्रे लावून दूर सोडण्यात आले. तिन्ही आपल्या मूळ जागी परतल्या. त्यातली एक तर समुद्रकिनाऱ्याने चारशे किलोमीटरहून जास्त अंतर वीस दिवसांत कापून आली. आपली मगर त्यांच्यापेक्षा लहान जातीची असली तरी हद्दीची ओढ तिलाही आहे. आणि एक मगर गेली, पण मासा, कचरा आणि डोह तसाच राहिला, तर ती जागा दुसरी मगर घेते.

मारण्याचा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने देशातल्या मगरी संपत आल्या, तेव्हा १९७५ मध्ये संवर्धनाचा प्रकल्प सुरू करावा लागला. आज दिसणारी मगर ही त्या प्रयत्नांची फळे आहेत. नदीत मगर टिकते याचा अर्थ त्या नदीत अजून मासा टिकतो. मेलेली, आजारी मासळी खाऊन ती पाणी साफ ठेवायलाही मदत करते.

एकत्र राहणे अशक्य नाही, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. गुजरातच्या चरोतर भागात, आणंद-खेडा परिसरात, गावतळ्यांत मगरी आहेत. मालातजसारख्या गावांत लोक त्याच तळ्याच्या काठी वावरतात. मगर ही खोडियार मातेचे वाहन, म्हणून तिला त्रास दिला जात नाही. गोव्यात फोंड्याजवळ दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. खाजण शेतीच्या बांधांशी मगरीचे नाते जुने आहे. पण श्रद्धेवर सगळे सोडता येत नाही. श्रीलंकेत नदीत लाकडी खांब रोवून अंघोळीच्या जागेभोवती कुंपण करण्याची जुनी रीत आहे. ओडिशातील भितरकणिकाच्या आसपास वनखात्याने घाटांना असेच अडसर घातले आहेत. खर्च थोडा आणि उपयोग मोठा. भीमाकाठी जिथे माणसांना पाण्यात उतरावेच लागते, तिथे प्रत्येक गावात असा एक कुंपणाचा घाट करता येईल.

हल्ला झालाच तर

मगरीचे दात कापण्यासाठी नसतात, पकडून ठेवण्यासाठी असतात. ते सुळ्यांसारखे टोकदार असतात आणि जबडा प्रचंड दाबाने मिटतो. ती भक्ष्य धरते, पाण्यात ओढते आणि स्वतःभोवती गिरकी घेते. त्यामुळे अनेक मृत्यू जखमेने नव्हे, तर बुडून होतात. पकडीत सापडलेल्याने मिळेल त्या वस्तूने तिच्या डोळ्यांवर आणि नाकाडावर मारत राहावे. काठावरच्यांनी पाण्यात उडी घेऊ नये. बांबू, दोरी, लुगडे, जे हाताशी असेल ते पुढे करावे आणि आरडाओरडा करून माणसे जमवावीत. यातून वाचलेले लोक आहेत.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. यात हातातली मिनिटे जातात. त्याला उताणा झोपवून, तोंडातला चिखल काढून, आधी तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी तीस वेळा जोरात दाबावे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्यावा. हात किंवा पाय तुटल्यासारखा झाला असेल आणि दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद कापड घट्ट आवळावे आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. सर्पदंशात मात्र असे आवळायचे नसते. या दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. हळद, चुना, रॉकेल, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

जखम बाहेरून लहान दिसली तरी आत खोल असते. नदीच्या पाण्यात आणि मगरीच्या तोंडात एरोमोनाससारखे जिवाणू असतात. चोवीस तासांच्या आतच जखम सुजते, लाल होते, घाण वास येतो आणि संसर्ग रक्तात पसरू शकतो. मधुमेह आणि यकृताचा आजार असलेल्यांना धोका अधिक. नेहमी दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांना हा जिवाणू दाद देत नाही. म्हणून दवाखान्यात गेल्यावर जखम नदीच्या पाण्यात झाली हे आवर्जून सांगावे. अशी जखम भरपूर पाण्याने धुऊन, मेलेला भाग काढून बहुधा उघडीच ठेवतात आणि काही दिवसांनी शिवतात. लगेच टाके घाला असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. हाड मोडले आहे का, रक्तवाहिनी तुटली आहे का, हे पाहावे लागते, त्यामुळे मोठ्या जखमेत रुग्णाला जवळच्या दवाखान्यात स्थिर करून सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी न्यावे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो, मगर चावल्यावर रेबीजची लस घ्यायची का? नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, मगर सरपटणारी. पण अस्वल, लांडगा, कोल्हा, कुत्रा, माकड यांनी चावा घेतला तर लस आणि खोल जखमेत रेबीजविरोधी सिरम दोन्ही लागते, तेही त्याच दिवशी. यात हयगय केली तर पुढे उपाय उरत नाही.

आणखी एक गोष्ट मासेमारांसाठी. मगर कधीच दिसणार नाही, पण माशाचा काटा हाताला रोज टोचतो. तोच जिवाणू त्या छोट्या छिद्रातूनही जातो. काटा टोचून हात सुजला, ताप आला, तर उद्यावर ढकलू नये. पुरानंतर गाळात काम केलेल्याला ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

गावाने काय करावे?

मगर दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जागा, वेळ आणि साधारण लांबी सांगावी. चित्रफीत पाठवताना ती आपल्याच गावची आणि आजचीच आहे याची खात्री करावी. ग्रामपंचायतीने मगर दिसलेल्या जागी फलक लावावा. तो मराठीत आणि कन्नडमध्येही असावा, सोबत चित्र असावे, कारण ज्याला वाचता येत नाही तोच अनेकदा पाण्यात उतरतो. ऊसतोड टोळी किंवा वीटभट्टीचे कामगार गावात आले की पहिल्याच दिवशी मुकादमाला बोलावून धोक्याच्या जागा दाखवाव्यात आणि त्यांच्यासाठी टँकर किंवा नळाची सोय करावी.

मासेमारांनी शक्यतो दिवसा आणि दोघातिघांनी मिळून जावे. रोज एकाच जागी, एकाच वेळी पाण्यात उतरू नये, कारण मगर सवय लक्षात ठेवते. मासे कमरेला बांधू नयेत. साफसफाई काठापासून दूर करावी आणि घाण पुरावी. फाटकी नायलॉनची जाळी नदीत सोडू नयेत. मगर फुप्फुसाने श्वास घेते, जाळ्यात अडकली तर बुडून मरते. अडकलेली जिवंत मगर स्वतः सोडवायला जाऊ नये. पाणी भरणाऱ्यांनी काठापासून लांब उभे राहून लांब दांड्याचा डबा वापरावा. आणि उन्हाला पहुडलेल्या मगरीला दगड मारू नयेत. दिसते त्या मगरीपासून माणूस दूर राहू शकतो, खरा धोका पाण्याखाली न दिसणाऱ्या मगरीचा असतो.

सरकारने वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याची तरतूद केली आहे आणि त्या प्राण्यांच्या यादीत मगरही आहे. जखमींनाही मदत मिळते. त्यासाठी घटना लगेच वनखात्याला कळवणे, पंचनामा होणे आणि दवाखान्यातल्या कागदावर जखमेचे कारण नीट लिहिलेले असणे आवश्यक आहे. परगावच्या मजुराच्या कुटुंबाला हे माहीत नसते. गावाने त्यांच्या वतीने ते करून द्यावे.

हे पैसे मृत्यूनंतरचे आहेत. त्याच्या कितीतरी कमी खर्चात घाटाचे कुंपण, एखादी होडी, फलक आणि वस्तीवरचा नळ होतो. बरगे टाकून डोह आपण भरला, त्यातला मासा आपण खातो आणि त्यातले पाणी पाइपातून शहरात आपण नेतो. त्या डोहात पहाटे एकटा उतरणाऱ्या माणसाची काळजी घेणे, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.